अनसूयेच्या साखरगोळ्या

तुळजापुरात त्या काळी कुणाला थंडीताप भरला की माणसं म्हणायची, विष्णुपंतांच्या साखरगोळ्या आणा. गोळी जिभेवर गोड लागायची आणि पोटात गेली की कडूजहर काडेचिराइताचं काम चोख करायची. पोरं रडत नसत, म्हातारी माणसं थुंकत नसत. विष्णुपंत वैद्यांचं नाव ईटपासून जळकोटपर्यंत झालं ते या गोळीमुळं. खरं सांगायचं तर विष्णुपंतांना लग्नातला लाडूसुद्धा धड वळता येत नव्हता. नाडी त्यांना कळायची, काढा त्यांना जमायचा, तेवढं श्रेय त्यांचं त्यांना द्यायला हवं. पण गोळीवर साखर चढवली ती अनसूयेनं, आणि अनसूयेचं नाव गावात चार बायकांपलीकडं कुणाला ठाऊक नव्हतं.

अनसूया ही विष्णुपंतांच्या धाकट्या भावाची बायको. नवरा पटकीच्या साथीत गेला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. माहेरी विचारणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती सासरीच राहिली. घरात विष्णुपंत, थोरली जाऊ, आणि त्यांचे दोन मुलगे, राघवेंद्र आणि नरहरी. अनसूयेच्या वाट्याला माजघरामागची खोली, एक शेगडी आणि घरातलं जे काम दुसऱ्या कुणाला नको ते काम, असं सगळं आलं. तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. असल्या घरांची हीच तर गंमत असते. बोट ठेवायला जागा सापडत नाही.

एका गोष्टीत मात्र तिच्यासारखा हात साऱ्या गल्लीत कुणाला नव्हता. संक्रांतीचा हलवा. मंद निखाऱ्यावर परात ठेवायची, त्यात खसखस टाकायची, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. तो वाळला की पुन्हा चमचाभर. सकाळी बसलेली बाई संध्याकाळी उठायची तेव्हा परातीत पांढरा, काटेरी हलवा झालेला असायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अनसूयेला कुणी बोलवत नसे, तिनं समोर येऊ नये असाच रिवाज होता. तिच्या हातचा हलवा मात्र सगळ्यांना चाले. नव्या सुनांचे हलव्याचे दागिने तिच्याकडूनच करून नेत. बाई अपशकुनी आणि तिच्या हातची साखर शुभ, हा हिशोब कुठल्या पोथीत लिहिलाय ते देव जाणे.

लढाई सुरू झाली, जपान्यांनी जावा बेट घेतलं आणि थंडीतापावरचं कोयनेल कुठंच मिळेनासं झालं. त्या वर्षी भादव्यात थंडीतापानं गाव धरलं. विष्णुपंतांच्या ओट्यावर रांग लागली. काडेचिराईत, कुटकी आणि सागरगोटा यांचा काढा ते देत, आणि तो इतका कडू असे की नुसत्या वासानं माणसाचं तोंड फिरायचं. मोठी माणसं देवीचं नाव घेऊन घोट गिळायची. पोरांचं काय करायचं?

मागच्या गल्लीत मणियाराची लालबी राहायची. थोरल्या जावेला बांगड्या भरायला ती घरी यायची, आणि येता-जाता अनसूयेपाशी घटकाभर टेकायची. तिचा शब्बीर तापानं फणफणला होता. ती रडकुंडीला आली होती.

"अनसूयाबाई, कायतरी करा की वो," लालबी म्हणाली. "पोरगं दात आवळून बसतंय. नाक दाबून पाजलं तर समदं अंगावर वकतंय. पोटात काय ऱ्हातच न्हाय, तर गुण कसा यील?"

अनसूयेनं काढा आटवून घट्ट केला, त्याच्या बारीक गोळ्या वळल्या. शब्बीरनं गोळी चावली आणि आईच्या तोंडावर थुंकली. मग तिच्या मनात आलं, हलव्याच्या पोटात खसखस असते, पण खाणाऱ्याला ती कुठं कळते? तिनं गोळ्या परातीत टाकल्या आणि पाक सोडला. पाक लागताच गोळी विरघळली, परातभर तपकिरी राड झाली. पाकसुद्धा कडू झाला. साखर तेव्हा परमिटवर मिळायची. थोरली जाऊ दोन दिवस बोलत होती.

अनसूया थांबली नाही. कडू आणि गोड यांच्यामध्ये काहीतरी भिंत हवी, एवढं तिला कळलं होतं. तिनं पीठ लावून पाहिलं, ते बुरसलं. तूप लावलं, त्यावर पाक धरेना. शेवटी डिंकाच्या पाण्याचा हात फिरवला, वरून विष्णुपंतांच्या डब्यातल्या शंखजिऱ्याची पांढरी पूड भुरभुरली, आणि तो थर हाडासारखा वाळल्यावर मग पाक सोडला. हलव्याला काटा यावा लागतो, इथं काटा येऊ द्यायचा नव्हता, म्हणून बोटं जास्त भराभर चालवावी लागली. गोळी गुळगुळीत, पांढरी झाली. शब्बीरनं ती गिळली आणि दुसरी मागितली. लालबी अनसूयेचे हात धरून कितीतरी वेळ बसून राहिली. अनसूयेला नवरा गेल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तिचं हे बरं वाटणं तिला फार महाग पडलं.

विष्णुपंत हुशार गृहस्थ. त्यांनी एक गोळी जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि दुसऱ्या दिवशी अनसूयेच्या खोलीत मोठी परात आली. पुढच्या महिन्यात आणखी मोठी आली. परमिट देणाऱ्या पेशकारांच्या बायकोचा ताप उतरवला तेव्हापासून साखरेची अडचण राहिली नाही. दर्शनाला येणारी सोलापूरची माणसं प्रसादाबरोबर गोळ्यांची डबी घेऊन जाऊ लागली. असतील शितं तर जमतील भुतं, ओटा कधी रिकामा दिसेना. अनसूया सकाळी शेगडीपुढं बसायची ती जेवणापुरती उठायची. पाक मध्ये थांबवता येत नाही. हात थांबला की गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि सगळी परात वाया जाते. तिच्या बोटांची टोकं आधी भाजली, मग सोलली, मग त्यांवर कातडं आलं, आणि मग त्या कातड्याला काही कळेनासं झालं. देवळात ती गेली तर पायरीला हात लावायची. दगड गार आहे की तापलेला, ते तिला मनगट टेकवून बघावं लागे.

अशात तिची मावसबहीण गोदूताई नवरात्रात दर्शनाला आली. गोदूताईही विधवाच. सोलापूरच्या एका दवाखान्यात ती नर्स झाली होती, पांढरं लुगडं नेसायची आणि कुणाच्याही समोर मान वर करून बोलायची. अनसूयेची परात बघून ती म्हणाली, "अगं, तू इथं काय करतेस? आमच्याकडं शिकायला ये. राहायचं, जेवायचं तिथंच. हातात कला आहे, डोकं आहे. आणखी चार-पाच वर्षं गेली की मात्र घेणार नाहीत."

सोलापूर म्हणजे मोटारीनं अर्ध्या दिवसाचाही रस्ता नाही. मध्ये निजामाचा नाका, तो ओलांडला की झालं. अनसूयेनं पंधरा दिवस मनाशी शब्द जुळवले आणि एके दुपारी भावजींना विचारलं.

विष्णुपंतांनी तिला कधी 'नाही' म्हटलं नाही. ते म्हणजे गोगलगाय, पाय सगळे पोटात. ते हसून म्हणाले, "जा की. तुला अडवलंय कुणी? तू काय या घरची कैदी आहेस? फक्त तुझ्यासारखा एक हात तयार कर. हात मिळाला की त्याच दिवशी मी स्वतः तुला मोटारीत बसवून देतो."

तिला ते खरं वाटलं. ती हात शोधायला लागली. थोरल्या जावेला बसवलं, तिनं दुसऱ्या चमच्याला बोट भाजून घेतलं आणि महिनाभर त्याचं गाऱ्हाणं सांगितलं. दळणकांडणाला इरम्मा येई, तिला बसवलं. इरम्माचा हात शांत होता, महिन्याभरात गोळी बरीच सुधारली. अनसूयेनं कौतुकानं ती गोळी भावजींना दाखवली. त्यांनी गोळी उन्हात धरून पाहिली, छान म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी इरम्माला लुगडं देऊन दळणासाठी दुसरं घर बघायला सांगितलं.

"अगं, बाहेरच्या माणसाला कृती कळली की ती चार गल्ल्यांत होते," ते अनसूयेला म्हणाले. "हात हवा तो घरचाच हवा."

घरचा हात म्हणजे आता एकच वाट राहिली. राघवेंद्राचं लग्न.

जळकोटच्या अण्णाराव मास्तरांची मुलगी सांगून आली होती. चंद्रप्रभा नाव. पत्रिका जुळली, घराणं चांगलं. संक्रांतीच्या आधी बघायला जायचं ठरलं, आणि विष्णुपंत म्हणाले, अनसूयाही येईल. थोरल्या जावेनं कपाळाला हात लावला. मुलगी बघायच्या शुभकार्याला विधवेला घेऊन जायचं, असं त्या घरात सात पिढ्यांत झालं नव्हतं. विष्णुपंत म्हणाले, ती बाहेर बसणार नाही, स्वैपाकघरात बसेल. धंद्याची गोष्ट आली की शकुनसुद्धा जरा सरकून बसतात.

म्हणून बाहेर पुरुष पानसुपारी खात होते आणि आत अनसूया चंद्रप्रभेसमोर बसली होती. मास्तरांच्या बायकोला सांगितलं होतं, आमच्याकडं हलव्याची हौस आहे, मुलीचा हलवा बघू. मध्ये परात होती. मुलगी सोळा-सतराची, सावळी, बोलकी. तिनं चमचाभर पाक सोडला आणि बोटं फिरवायला लागली. अनसूयेनं एकदाच पाहिलं. हात तिच्यापेक्षाही चांगला होता. मुलीचं परातीकडं लक्षही नव्हतं. ती बोलत होती आणि बोटं आपली आपण चालत होती.

"तुळजापुरात मुलींची शाळा आहे ना हो?" चंद्रप्रभा विचारत होती. "आमचे अण्णा म्हणतात, लग्नानंतरही शिकता येतं. मला लहान मुलांना शिकवायला लई आवडतं. इथं ओसरीवर मी पाच-सहा पोरं बसवते. परवा एकानं पाटीवर अण्णांचं चित्र काढलं, मिशांसकट." ती खुदकन हसली. मग तिची नजर अनसूयेच्या हातांवर गेली. "तुमच्या बोटांना काय झालं?"

"पाकानं भाजतात."

"दुखत नाहीत?"

"आता नाहीत," अनसूया म्हणाली.

मुलीनं तिचं बोट आपल्या हातात घेऊन निरखलं. तिनं अंगठा त्यावरून फिरवला असणार. अनसूयेला तो कळला नाही.

त्या क्षणी तिला सगळं स्वच्छ दिसत होतं, हे तिच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही विसरू नये. या पोरीला शाळा मिळणार नाही, ओसरी मिळणार नाही. तिला माजघरामागची खोली मिळणार, आणि ती आपल्यामुळं मिळणार. हात बरा नाही, एवढं म्हटलं की ही सुटली. आणि मग आपण? मग दुसरी मुलगी, दुसरं गाव, तोवर गोदूताईची चार-पाच वर्षं संपलेली. अनसूया एकतीस वर्षांची होती. पंधरा वर्षांत तिनं स्वतःसाठी एवढं एकच मागितलं होतं. तिला सोलापूर हवं होतं.

परतताना गाडीत विष्णुपंतांनी विचारलं, "कसा आहे हात?"

"चांगला आहे," अनसूया म्हणाली.

फाल्गुनात लग्न झालं. चंद्रप्रभा घरात आली, आणि सोळा दिवस होताहेत तोच सासऱ्यांनी कौतुकानं म्हटलं, काकूकडून एवढं शिकून घे बाई, घरची विद्या आहे. मुलगी हौशीनं शिकली. तिला काकू आवडायची. डिंक किती पातळ, शंखजिरं किती, निखारा कसा ठेवायचा, तिनं सगळं आषाढापर्यंत उचललं. शाळेचं एकदा तिनं नवऱ्याला विचारलं, नवऱ्यानं वडलांना विचारलं, वडील म्हणाले, जाऊ दे की, अडवलंय कुणी, ही तापाची साथ सरू दे. अनसूया आत बसून ऐकत होती. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

तरी तिनं आपलं गाठोडं बांधलं. दोन लुगडी, एक तांब्या, नवऱ्याची एक जुनी शाल. आणि भावजींना सांगितलं, हात तयार झाला.

विष्णुपंत मनापासून खूश झाले. "झाला खरा. तुझे उपकार आहेत अनसूये. आता लातूरकडूनही मागणी आलीय, बिदरकडूनही. एका हातावर मी नाही म्हणत होतो. आता दोन शेगड्या झाल्या." मग त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "तू जा, मी शब्दाला जागणार आहे. पण तू गेलीस तर दोन परातींचं काम त्या पोरीवर एकटीवर पडेल, याचा विचार कर. नवीन आहे, कोवळी आहे. तुझ्या जिवाला बरं वाटेल का?"

आपल्या पापाचाच दोर करून भावजींनी आपल्याला बांधलं, हे अनसूयेला कळलं. आणि कळूनही ती गेली नाही. गाठोडं फळीवर ठेवून ती शेगडीपुढं जाऊन बसली. समोर चंद्रप्रभा होती. तिनं बाजूला सरकून काकूला जागा करून दिली.

दोघी समोरासमोर बसू लागल्या. पहिल्या वर्षी चंद्रप्रभा शेगडीपाशी गाणी म्हणायची, ओसरीवरच्या पोरांच्या गमती सांगायची. पुढं गमती त्याच त्या व्हायला लागल्या, मग बंद झाल्या. तिची बोटं भाजली तेव्हा अनसूया रोज संध्याकाळी त्यांना लोणी लावायची. चंद्रप्रभा एकदा म्हणाली, "काकू, आता नका लावू. आता काही होत नाही." अनसूयेनं त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यासमोर डोळ्यांना पदर लावला, आणि धूर गेला म्हणाली. गोदूताईचा निरोप दोनदा आला, मग यायचा थांबला. सोलापुरी मोटार रोज वेळेवर सुटायची.

गोळ्या मात्र चांगल्या होत्या, तेवढं खोटं बोलून चालणार नाही. गावोगावची पोरं न रडता औषध घेत होती. लालबीचा शब्बीर आता मोटारीवर सामान चढवायचा, आणि कुणी ताप आल्याचं सांगितलं की छाती पुढं काढून म्हणायचा, पहिली गोळी म्या खाल्ली व्हती. अनसूयेनं हे ऐकलं की तिला आनंद व्हायचा आणि त्याच आनंदाचा रागही यायचा.

तिसऱ्या वर्षी चंद्रप्रभेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हा साऱ्या मुलखाचा रिवाज. पाचवा लागला तशी ती जळकोटचा रस्ता बघायला लागली. अण्णाराव मास्तर गाडी घेऊन येऊन गेले. विष्णुपंतांनी त्यांना जेवू घातलं, पान दिलं, आणि गाडी रिकामी परत गेली.

आणि मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी चंद्रप्रभा शेगडीपुढं आली ती चेहरा उजळून. किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं. जड अंगानं ती पाटावर बसली आणि म्हणाली, "काकू, नरहरी भावजींसाठी मुलगी बघायला नळदुर्गाला चाललेत. मामंजी म्हणाले, या खेपेला तू चल."

अनसूयेची बोटं परातीत चालू होती. "आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, माहेरी जा की, तुला अडवलंय कुणी? हात मिळाला की त्याच दिवशी अण्णांना गाडी आणायला सांगतो." चंद्रप्रभेनं चमच्यानं पाक सोडला. "मुलीला घरात आतल्या बाजूला बसवतील, हलवा करायला लावतील. मी काय बघायचं असतं, ते तुम्ही सांगा. तुम्ही मला बघायला आला होतात तेव्हा काय बघितलं होतं?"

तीन वर्षं अनसूया या प्रश्नाची वाट बघत होती. तिनं त्याला खूप उत्तरं तयार केली होती, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

"तुझा हात बघितला," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगला होता. मला सोलापूरला जायचं होतं. हात मिळाला की जा, असं मलाही सांगितलं होतं. म्हणून मी चांगला आहे म्हटलं."

चंद्रप्रभेचा हात थांबला. तिच्या परातीतल्या गोळ्या एकमेकींना धरायला लागल्या. अनसूयेनं हात लांब करून तिच्या बाजूच्या गोळ्याही फिरवल्या.

"चंद्रे, ऐक. नळदुर्गाला जा. मुलीचा हात बघूच नकोस. बाहेर येऊन सांग, हात बरा नाही."

"न बघताच?"

"न बघताच. बघितलास तर तुला सांगवणार नाही."

चंद्रप्रभा रागानं ओरडली असती तर अनसूयेला ते सोसलं असतं. ती ओरडली नाही. तिनं एक हात पोटावर ठेवला आणि दुसरा पुन्हा परातीत घातला.

"हात बरा नाही म्हटलं," ती हळू आवाजात म्हणाली, "तर मग मी माहेरी कधी जाणार, काकू?"

अनसूयेनं परातीत पुन्हा चमचाभर पाक सोडला. बाहेर ओट्यावर कुणीतरी गोळ्या मागत होतं, आणि विष्णुपंत गोड आवाजात सांगत होते, बसा, आता होतील.